मृतदेहावरचा व्रण आणि सुआरेझचे मूलद्रव्य

घोडा मेला, तरी त्याच्या अंगावरचा जुना व्रण दिसतोच. तो आधीचाच व्रण, की नवा? स्कोलास्टिक तत्त्वज्ञांना, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलच्या चौकटीत विचार करणाऱ्या युरोपातल्या ख्रिस्ती विद्वानांना, हा प्रश्न खरोखर अडत होता.

अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत पदार्थ म्हणजे मूलद्रव्य (रसायनशास्त्रातले नव्हे; वस्तू ज्यापासून घडते ते मूळ द्रव्य) अधिक रूप (बाह्य आकार नव्हे; वस्तूला ती जी आहे ती बनवणारे तत्त्व, घोड्याच्या बाबतीत त्याचा जीव). तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या तत्त्वज्ञाच्या अनुयायांनी मूलद्रव्य निव्वळ शक्यता मानले. अस्तित्व रूपामुळे येते, आणि एका पदार्थाला असे रूप एकच. मग मरताना रूप गेले की रंग, आकारमान, व्रण सगळेच जाणार. दिसतो तो हुबेहूब, पण नवा. तर्क चोख आहे. मात्र नवा व्रण नेमका जुन्याच जागी का उमटला, हे सांगताना फार ओढाताण होते.

फ्रान्सिस्को सुआरेझ या स्पॅनिश जेझुइट तत्त्वज्ञाने 1597 मध्ये, आपल्या 'मेटाफिजिकल डिस्प्युटेशन्स' (तत्त्वमीमांसेवरील चर्चा) या ग्रंथाच्या तेराव्या चर्चेत, मूलद्रव्याला स्वतःचे अस्तित्व दिले, अपूर्ण का होईना. परिमाण, म्हणजे वस्तूचा विस्तार, थेट त्यातच वसते, म्हणून रूप पालटले तरी ते टिकते, आणि त्याच्या आधाराने राहणारे गुणही टिकू शकतात. ईश्वर रूपाविना द्रव्य राखू शकेल, इथपर्यंत तो जातो.

किंमत मोजावी लागतेच: द्रव्य आणि रूप दोन्हींना आपापले अस्तित्व असेल, तर त्यांचा पदार्थ एक कसा? त्यासाठी सुआरेझ त्यांना जोडणारा 'संयोग' हा असण्याचा एक वेगळा प्रकार (mode) मानतो. मला हाच त्याचा सर्वांत कच्चा दुवा वाटतो.