कलर कोडमधला अल्फा नक्की कुठे असतो?

परवा अख्खी संध्याकाळ एका रंगापायी गेली. आमच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक कॅटेगरीचा रंग सर्व्हरवरून टेक्स्ट म्हणून येतो, त्यातला एक होता #३३६६९९८०, म्हणजे निळा आणि अर्धा पारदर्शक, वेबवर अगदी तसाच दिसायचा आणि अँड्रॉइडवर मात्र पुसट हिरवट काहीतरी. क्रॅश नाही, एरर नाही, मग शोधायचं तरी कुठे?

शेवटी कागदावर कोडाच्या दोन-दोन अक्षरांच्या जोड्या पाडल्या (लाल, हिरवा, निळा यांची एकेक, आणि अल्फाची, म्हणजे रंग किती अपारदर्शक ते सांगणारी एक) तेव्हा कळलं. वेबवर, म्हणजे वेबपेजचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये, आठ अक्षरी कोडात अल्फा सगळ्यात शेवटी असतो, आणि अँड्रॉइडचं पार्सकलर (टेक्स्टचा रंग करून देणारं फंक्शन) तो सगळ्यात आधी धरतं. त्यामुळे ३३ हा खरंतर लाल (जोड्या सोळाच्या पायाने लिहितात, म्हणून हा ३३ आपल्या नेहमीच्या मोजणीत ५१), तो झाला अल्फा, २५५ पैकी ५१ म्हणजे फक्त २० टक्के, आणि पुढचे ६६, ९९, ८० झाले लाल १०२, हिरवा १५३, निळा १२८. हिरवा सगळ्यात जास्त, म्हणून हिरवट. कोड वैध होता ना, मग एरर येणार कशी!

सहा अक्षरी कोडाला पार्सकलर स्वतःच पुढे एफएफ (म्हणजे २५५, पूर्ण अपारदर्शक) लावतं, पण #३६९ असा तीन अक्षरी आला किंवा पुढचा हॅश (#) राहिला तर सरळ एक्सेप्शन, म्हणजे एरर. फ्लटरमध्ये (अ‍ॅप बनवायचं आणखी एक साधन) उलटं, तिथे रंगाचा आकडा आपणच देतो आणि सहा अक्षरांचाच पार्स करून (टेक्स्टचा आकडा करून) दिला तर अल्फा शून्य होतो, स्क्रीनवर काहीच दिसत नाही आणि माणूस लेआउटमध्ये चूक शोधत बसतो. आयओएसवर रंग बनवणाऱ्या यूआयकलरला ० ते १ मधल्या किंमती लागतात, म्हणून प्रत्येक जोडीला २५५ ने भागायचं, आणि भागताना दशांश ठेवायचा, इंटने (पूर्णांकी आकड्यांनी) भागलं तर बहुतेक रंग काळे होतात.

अजून एक, कोटलिन किंवा जावात हाताने पार्स करत असाल तर आधी लाँगमध्ये (इंटपेक्षा मोठे आकडे मावणाऱ्या प्रकारात) करा. इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७, एफएफने सुरू होणारा आठ अक्षरी कोड तिच्यापुढे जातो, मग नंबर फॉरमॅट एक्सेप्शन.

आता मी एकच फंक्शन ठेवलंय, हॅश काढायचा, तीन अक्षरं असतील तर प्रत्येक अक्षर डबल करायचं, सहा असतील तर पुढे एफएफ, आठ असतील तर शेवटची दोन उचलून पुढे आणायची, आणि यातलं काहीच नसेल तर डिफॉल्ट रंग द्यायचा पण लॉगमध्ये लिहायचंच. #३३६६९९८० ची टेस्ट सगळ्यात पहिली लिहिली.