आमची वाटचाल : पाटीवरची एक ओळ

बारावी सायन्सला नापास झाले. घरात कुणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं. दुपारी सायकल काढायची आणि कोल्हापूरभर हिंडायचं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत एकदा थांबले, ती मग रोजच. तिथल्या मामांनी कसलीच चौकशी केली नाही. शाडूचा गोळा पुढ्यात टाकला. "मळ. बोलायचं नंतर बघू."

गोळा आधी कडक लागतो, कडेला चिरा पडतात. तळहाताने रेटत, दुमडत राहिलं की हळूहळू लोण्यासारखा वळायला लागतो. तेवढ्या वेळात निकाल आठवलाच नाही. बास, एवढंच झालं. पण निकाल लागल्यापासून तसं पहिल्यांदाच झालं होतं.

पुढे डिप्लोमा केला आणि घराच्या गॅरेजात एक चाक, एक जुनी विजेची भट्टी मांडली. पहिल्याच भाजणीत चोवीस मगांपैकी सतरा फुटले. ओल पुरती गेली नव्हती. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि तिने वाट काढली. घाई माझी, दोष कुणाला देणार?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कुंभार गल्लीत पाणी शिरलं. गणपती तोंडावर, आणि मामांच्या मूर्तींचा परत चिखल. पाणी ओसरल्यावर आम्ही पूरग्रस्त पोरांसाठी फुकट वर्ग घेतला. विषय दिला नव्हता. बहुतेकांनी घरं केली आणि एकूण एक घराला वरचा मजला!

त्यानंतर मी जरा हवेतच गेले. एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने क्षयातून उठताना चित्रं काढली आणि १९४२ मध्ये 'आर्ट थेरपी' हा शब्द वापरला, हे वाचलेलं. लगेच पाटी रंगवून घेतली: 'मातीने मन बरं होतं'. गर्दी वाढली, फीही वाढवली.

मग वर्गातल्या एक ताई हसत म्हणाल्या, "गोळ्या बंद केल्या हो मी. माती आहे ना आता." माझ्या पोटात गोळा आला. त्यांना त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि संध्याकाळी ती ओळ स्वतः खरवडून काढली. माती मला सावरते यावर माझा आजही विश्वास आहे, पण थेरपीचं शिक्षण वेगळं असतं आणि ते माझ्याकडे नाही. पाटीवर आता नुसतं 'मातीकाम' आहे.

ताई अजून दर बुधवारी येतात. गोळ्या चालू आहेत. मगाचा कान मात्र दर वेळी निसटतो, पातळ माती लावायला कंजूषी करतात.