थेम्सवर ताशी आठ किलोमीटर

बोट दुरुस्त होऊन पाण्यात उतरल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो: पळते किती? थेम्सवर या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. लंडनजवळच्या टेडिंग्टनच्या वर, जिथे भरती-ओहोटी पोचत नाही तिथे, वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त. या वेगात ती कशी वागते, हे खरं बघायचं.

आमची बोट १९६२ची फ्रीमन २२. लेस्टरशायरमधल्या हिंक्ली गावात, समुद्रापासून लांब बांधलेली. बावीस फूट लांब, बाहेरून फायबरग्लास, आत महोगनी, आणि मुलाबाळांसकट रात्र काढता येईल एवढी केबिन. इंजिन त्या काळच्या फोर्ड अँग्लिया मोटारीतलं, ११७२ सीसी, साइड व्हॉल्व्ह, बोटीसाठी बदलून घेतलेलं. ते काढून डिझेल बसवा, असं बऱ्याच जाणत्या लोकांनी सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. या घाटाची बोट पाणी कापत जाते, पाण्यावर चढत नाही. ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास तिची हद्द येते. त्यापुढे कितीही रेझ करा, पिछाडी खाली बसते, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर उठते आणि काठावर लाटा आपटतात. वाढीव ताकद जाणार कुठे? वर जड डिझेलमुळे बोटीचा तोलही बदलणार.

त्यापेक्षा पैसे पंख्यावर (बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरवर) आणि त्याला फिरवणाऱ्या शाफ्टवर घातले ते सार्थकी लागले. पंख्याची पाती तासून सारखी करून घेतली, पाण्याखालचं रबरी बेअरिंग नवं टाकलं. शाफ्ट आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजायची असते, तीही बोट पाण्यात उतरवल्यावर, कारण पाण्यात सांगाडा किंचित वेगळा बसतो. चहूबाजूंनी फट सारखी आली आणि पायाखालची थरथर गेली. आता कपाटातले कपही वाजत नाहीत.

सुकाणू मात्र शिकावं लागतं. पंख्याने मागे फेकलेलं पाणी सुकाणूवर आदळतं तेव्हाच ते जोमाने काम करतं. न्यूट्रल केलं की चाक हातात नुसतं फिरतं आणि वारा नाळ हवी तिकडे नेतो, कारण बोट पाण्यात खोल नाही आणि वर केबिन उंच. सरळ जातानासुद्धा ती हळूच भरकटते. नवखा माणूस जोरात चाक फिरवतो, मग उलट फिरवतो आणि बोट नागमोडी चालते. माझे सासरे देवगडचे, होड्यांतच वाढलेले. इकडे आले तेव्हा मागे उभे राहून एवढंच म्हणाले, "घाई करू नको गो, तिका जरा वेळ दी." तेच खरं. थोडं चाक द्यायचं, थांबायचं, आणि नाळ वळायला लागली की पूर्ण वळायच्या आधीच परत आणायचं.

रिव्हर्समध्ये तर सुकाणूचा भरवसाच नाही. आमचा पंखा उजवा, म्हणजे पुढे जाताना मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरणारा, त्यामुळे रिव्हर्स टाकला की पिछाडी डावीकडे सरकते. म्हणून शक्यतो डावी बाजू काठाला लावायची: प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून तिरकं यायचं, न्यूट्रल, मग रिव्हर्सचा एक छोटा दणका. पिछाडी आपणहून काठाला येते. लॉकमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदात, शिरताना हीच गोष्ट उपयोगी पडते. आत गेल्यावर इंजिन बंद, पुढची-मागची दोरी खुंट्याला वेढा देऊन हातात धरायची, बांधायची नाही. पाणी उतरताना बांधलेली बोट लोंबकळेल.

मार्लोच्या खाली बोर्न एंडला नदी रुंद होते आणि तिथे शिडाच्या होड्या आडव्यातिडव्या येत असतात. शनिवारी दुपारी तिथून जाणं हीच आमच्या बोटीची खरी परीक्षा. थ्रॉटल कमी करायचा, पण सुकाणू लागू राहील इतपत चालू ठेवायचा, आणि एकाच रेषेत जायचं, म्हणजे शिडवाल्यांना आपला अंदाज येतो. आपली बोट शक्यतो त्यांच्या मागून काढायची. जुनं इंजिन इतक्या कमी फेऱ्यांवरही न अडखळता चालतं, यासाठी मला ते फार आवडतं. ताशी तीन लिटरच्या आसपास पेट्रोल जातं.

पेट्रोल मात्र ई-५ भरावं, म्हणजे जास्तीत जास्त पाच टक्के इथेनॉल असलेलं. २०२१पासून इथे साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं. त्यातलं इथेनॉल जुनं रबर खातं आणि पाणी ओढून घेतं. नळ्या सगळ्या बदलल्या तरी मी ई-५च भरते. आणि स्टार्टर मारण्याआधी इंजिनाकडची हवा बाहेर ओढणारा ब्लोअर लावून, इंजिनाचं झाकण उघडून वास घ्यायचाच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते. मुलं बोटीत असताना यात सूट नाही.

आता सुकाणूच्या तारेत थोडी ढिलाई उरली आहे; चाक बोटभर फिरल्यावर मग सुकाणू हलतं. हिवाळ्यात बोट बाहेर काढली की पुल्या बदलायच्या आहेत. कुणी या घाटाच्या बोटीवर हे काम केलं असेल तर तार कोणत्या जाडीची घातली, ते जरूर कळवा.