आवक शिक्का

‘कोठडीत चक्कर येऊन पडला,’ असं पोलिसांनी सांगितलं. धाकट्या भावाला रात्री भरल्या ताटावरून उठवून नेलं होतं. सकाळी ओळख पटवायला आम्हाला शवागारात बोलावलं.

पहिला आठवडा घरात रीघ होती. साहेब आले, पुढारी आले, चौकशी जाहीर झाली. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची असते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली. ती झाली. आईची साक्ष झाली, माझीही झाली.

अडलं ते अहवालाच्या प्रतीवर.

प्रतीसाठी एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला. टपाल शाखेतल्या बाईंनी माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारला, पण शाई संपत आलेली. तारीख अर्धीच उमटली. मी घाईत होतो, पाहिलंच नाही. दोन महिन्यांनी गेलो तर म्हणे, ‘असा अर्जच आलेला नाही.’ पोच दाखवली. ‘यावर तारीख कुठंय? कोणत्या महिन्याचं रजिस्टर काढू?’ मी म्हटलं, माझा भाऊ मेलाय, तुम्ही शाईचं काय सांगता? बाईंनी मान खाली घातली आणि नवा अर्ज द्यायला सांगितलं. त्या रात्री मला झोप आली नाही. दोन महिने माझ्या हातून गेले होते.

म्हणून सांगतो, शिक्का तिथल्या तिथे वाचा. आवक क्रमांक आणि तारीख पेनने लिहून घ्या, सहीसकट. त्याशिवाय खिडकी सोडू नका.

नंतर माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तर आलं: तपासाला बाधा येईल, कलम ८(१)(ज). वकीलताईंनी ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करायला लावलं आणि त्यात एकच मुद्दा लावून धरला: बाधा नेमकी कशी येणार, ते लिहून द्या. तसं कुणी लिहून दिलं नाही.

आधीच सांगायला हवं होतं, मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एका वर्षाच्या आत जा, नंतर ते तक्रार घेत नाहीत. शिवाय अटकेच्या पंचनाम्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते, हे १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय. आमच्याकडे कुणाचीच घेतली नव्हती. साक्षीत तेच कामी आलं.

आई घाटकोपरची. ११ जुलै १९९७ ला रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० माणसं गेली, आणि त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला शिक्षा व्हायला २००९ उजाडलं. ते तिने जवळून पाहिलंय. मी कंटाळलो की ती एवढंच म्हणायची, ‘कागद सोडू नकोस.’

अपिलाच्या सुनावणीनंतर प्रत मिळाली. गाडीत उघडली नाही, घरी आणली. जखमांच्या पानावर लिहिलं होतं, या जखमा पडून झालेल्या नाहीत. आईने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग पान स्वतःकडे ओढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसली.