बागेतलं नेपाळी बिऱ्हाड

आज पावस गावाजवळ मामांच्या बागेत होते. आंबा काढणी जोरात! रत्नागिरीकडे राखणीला नेपाळी माणसं नवी नाहीत. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे व्हिसाची भानगड नाही. पाऊस लागला की बरेचजण परततात. हे कुटुंब मात्र राहिलंय. झापांच्या खोपटाच्या जागी चिऱ्याची खोली, बरणीत हिवाळ्यात लावलेल्या रायोच्या (मोहरीसारखी पालेभाजी) पाल्याचं गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला (वास उग्र, पण आंबट कढण झकास, मी दोनदा घेतलं). मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत. झेला (आंबे काढायची जाळीची काठी) माझ्या हातात देऊन मलाच शिकवते, "ताई, देठ ठेवून काढ गो, चीक लागला तर फळ डागतं."

मामीने तिच्या आईला विचारलं, "यंदा गणपतीत गावाला जाणार काय?"

"छे! मग आरतीला झांजा कोण वाजवणार?"