साडेतीन किलोच्या आत : दोन झुबक्यांचं भांडण मिटलं

मंडळी, मिटलं. माझ्या एअर रायफलचं, निदान दहा मीटरवर तरी. मागच्या नोंदीतलं ते टार्गेट आठवत असेल: डावीकडे छऱ्यांच्या भोकांचा एक झुबका, उजवीकडे एक झुबका आणि मध्ये जवळपास दोन सेंटिमीटर कोरा कागद. तो चोर अखेर सापडला. ज्याच्यावर सगळ्यांनी बोट ठेवलं होतं तो बिचारा स्कोप (नेमाची दुर्बीण) निर्दोष सुटलाय.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: .१७७ची (४.५ मिमी छऱ्याची) ब्रेक-बॅरल स्प्रिंगर, म्हणजे बॅरल बिजागरीवर मोडून आतली स्प्रिंग दाबायची एअर रायफल, लाकडी दस्ता, नुसती रायफल पावणेतीन किलो. स्कोप आणि माउंट (स्कोप रायफलवर धरणाऱ्या रिंगा) धरून साडेतीन किलोच्या आत आणि वीस हजारांच्या आत बसवायचं हा हट्ट. दहा मीटर क्लबच्या लेनवर, २५ मीटर मुरबाडला मामाच्या शेतात, बांधाला मातीचा जाड ढीग करून. घरात दहा मीटर सरळ रेघ मिळायला मुंबईत दोन बेडरूमच्या भिंती पाडाव्या लागतील, त्यामुळे तो विषयच नाही.

आता झुबके. पहिला संशय पेलेटवर (शिशाच्या छऱ्यांवर) होता. ऑनलाइन मागवलेला डबा कुरिअरने असा काही आपटला होता की निम्म्या पेलेटचे स्कर्ट (मागची पातळ, पोकळ कडा) चेपलेले. (विक्रेत्याचं उत्तर: 'हे नॉर्मल आहे सर.' पुन्हा तिथून घेणार नाही, चार पैसे जास्त गेले तरी दुकानात डबा उघडून बघून घेईन.) स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांना) घट्ट बसतो, चेपलेला असेल तर एका बाजूने हवा निसटते आणि पेलेट डुलत निघतो. चेपके काढले, हेड (पेलेटचं डोकं) ४.५० आणि ४.५१ मिमीचे वेगवेगळे केले. झुबके छान आवळले, पण दोनचे दोनच राहिले.

इथे मला पहिला धागा मिळाला. पेलेट वाईट असतील, होल्ड (रायफल धरायची पद्धत) ढिला असेल, श्वास चुकत असेल तर कागदावर पसारा होतो. दोन स्वच्छ झुबके पडतात ते रायफलमधली एखादी वस्तू दोनच जागांपैकी एका जागी बसत असेल तर. शिवाय झुबके आडवे होते. वेग कमीजास्त होत असता तर फरक वर-खाली दिसला असता. तरीही डोंबिवलीच्या मित्राचा क्रोनो (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) लावून खात्री केली. ०.५३ ग्रॅमचा पेलेट सरासरी २२१ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे जेमतेम १३ ज्यूल, आणि फरक अगदी थोडा. ब्रीचवर (बॅरलच्या मागच्या तोंडाच्या जोडावर) टिश्यूची पट्टी ठेवून पाहिली, ती हललीही नाही, म्हणजे हवा गळत नव्हती. स्प्रिंग, सील, पिस्टन सगळे निर्दोष ठरले. (विना-परवाना एअर रायफलची मर्यादा शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूल आणि ४.५ मिमी आहे. स्प्रिंग बदलून 'पॉवर वाढवून' देणारे जे भेटतात त्यांच्या नादी लागू नका. ग्रुप (टार्गेटवरचा झुबका) बिघडतो तो बिघडतोच, वर कायद्याच्या बाहेर जाल.)

दुसरा संशय दस्त्याच्या स्क्रूवर. स्प्रिंगरचे हादरे आणि मुंबईची हवा हा जोड वाईट. पावसाळ्यात लाकूड फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं आणि पुढचे दोन स्क्रू गुपचूप ढिले पडतात. साफ केले, निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) लावला, खाली दातेरी वॉशर. झुबके जैसे थे.

तिसरा संशय माउंट सरकण्यावर. रेलवर पेन्सिलीने रेघ मारली होती. दोनशेच्या वर पेलेट गेले तरी रेघ तिथेच.

मग स्कोप. सगळ्यांचं मत तेच होतं आणि त्याला कारणही भक्कम आहे. स्प्रिंगर दोनदा धक्का देते: पिस्टन पुढे धावताना रायफल मागे येते, पिस्टन टोकाला पोचून थांबला की रायफल झटक्यात पुढे जाते. बंदुकीचे स्कोप एकाच दिशेच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात, म्हणून चांगला महागडा स्कोपही स्प्रिंगरवर आतून निखळतो. रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) दोन जागी बसतंय हे निदान एकदम चपखल वाटत होतं. मित्राचा एअरगनसाठीचा ३-९x४० उसना आणला, लावला, मारले. तेच दोन झुबके, तेवढंच अंतर.

त्यानंतर वैतागून स्कोप काढून ठेवला आणि उघड्या साइट्सवर मारायला लागलो. एकच झुबका! माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना पुढची साइट धूसर दिसते, तरी एकच.

हे पचायला थोडा वेळ लागला. मग लक्षात आलं की या रायफलच्या दोन्ही उघड्या साइट्स बॅरलवर आहेत, पुढची तोंडाशी आणि मागची ब्रीच ब्लॉकवर. बॅरल डावी-उजवी हलली तर साइट्सही तिच्याबरोबर हलतात, नेम बॅरलसोबतच राहतो. स्कोप मात्र कॉम्प्रेशन ट्यूबवर (पिस्टनच्या नळीवर) बसतो. दोघांच्या मध्ये काय आहे? बिजागरी. पिव्हट!

तपासणी सोपी आहे, पण सांभाळून करा. रायफल रिकामी, कॉक केलेली, सेफ्टी लावलेली, बॅरल खाली मोडलेली. हात बॅरलखालून काढायचा नाही, फक्त पकड सैल करायची, बोटं ब्रीचपासून लांब. बॅरल जिथे ठेवाल तिथे थांबली पाहिजे. माझी धपकन हातावर आली. पिव्हट बोल्ट आवळला तर थांबायला लागली, आणि अर्धा डबा मारेपर्यंत पुन्हा ढिली. शेवटी रायफल उघडली. ब्लॉकच्या दोन बाजूंच्या वॉशरपैकी डावा नखाला जाणवेल इतका झिजलेला होता.

हिशेब मांडल्यावर थक्क झालो. दहा मीटरवर वीस मिलिमीटर म्हणजे कोन फक्त ०.००२ रेडियन. ब्लॉकची खाचेत बसणारी लांबी धरा २५ मिमी. तेवढ्या लांबीत ०.०५ मिमी ढिलाई पुरते. वह्यांच्या कागदाच्या जाडीपेक्षा कमी! आणि त्यासाठी मी नवा स्कोप घ्यायला निघालो होतो.

वॉशरसाठी नागदेवी स्ट्रीट. तिथे 'एअरगनचा वॉशर' मागू नका, माणूस तुमच्याकडे बघतच राहतो. 'शिम, डिन ९८८, ८ बाय १४, पॉइंट वन' असं म्हटलं की काउंटरखालून पाकीट निघतं. (माप आपापल्या बोल्टचं घ्या, सगळ्या मॉडेल्सचं सारखं नसतं.) कंपनीच्या सर्व्हिस किटच्या मानाने किंमत हास्यास्पद. एकाच बाजूला ०.२ घातली तर बॅरल एकीकडे रेटली जाते आणि लॅच कुरकुरतो. दोन्ही बाजूंना ०.१-०.१ घातल्यावर नीट मध्यावर आली. मोली ग्रीसचा पातळ हात, बोल्ट आवळून लॉक स्क्रू, आणि बॅरल आता मोडताना लोण्यासारखी फिरते पण सोडली तिथे थांबते.

दहा मीटर, स्कोपवर, दहा पेलेट: ९ मिमी, मध्यापासून मध्यापर्यंत. एकच झुबका. तो कागद मी फ्रिजवर लावलाय, घरच्यांच्या नजरेकडे दुर्लक्ष करून.

याच भरात दुसरं काम उरकलं. माझा साधा ४x३२ (चारपट मोठं दाखवणारा, ३२ मिमी भिंगाचा) बंदुकीच्या स्कोपसारखा १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला, पॅरॅलॅक्स बांधलेला: डोळा हलला तरी नेम न हलणं फक्त त्या अंतरावर. दहा मीटरवर डोळा भिंगाच्या कडेला गेला तर नेमात कमाल चूक होते भिंगाच्या त्रिज्येच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे १४ मिमी. ऑलिम्पिकच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे लक्षात घ्या. उपाय: पुढची रिंग सोडवून ऑब्जेक्टिव्ह (पुढचं भिंग) हळूहळू बाहेर फिरवायचं, दहा-बारा मीटरवरचं चित्र स्वच्छ होईपर्यंत. वॉरंटी जाते आणि आतला नायट्रोजनही जातो, म्हणून जुलैत हे अजिबात करू नका, आत बाष्प अडकलं तर वर्षभर धुकं बघत बसाल. मी कोरड्या हवेत केलं, आधी स्कोप सिलिका जेलच्या डब्यात ठेवून. फायदा असा की अडीचशे ग्रॅम जास्त वजनाचा एओ (पुढचं भिंग फिरवून अंतर जुळवायचा) स्कोप घ्यायची गरज उरली नाही. रायफल, स्कोप, माउंट मिळून ३.१ किलो. वजनाचा हट्ट पूर्ण, पैशांचाही.

आणि इथूनच नवी पंचाईत. २५ मीटरवर ग्रुप अजून चाळीस मिमीच्या घरात. दोन झुबके नाहीत, नुसता पसारा, म्हणजे आता होल्ड. स्प्रिंगरचा पेलेट बॅरलमध्ये असतानाच रायफल हलायला लागलेली असते, आणि रायफल जितकी हलकी तितकी ती जास्त हलते. हातावर नुसती टेकवून, न आवळता मारली तर ग्रुप तीसच्या खाली येतो. डावा हात दोन बोटं पुढे सरकला की केंद्रच बदलतं. दस्त्यावर हाताच्या जागेची खूण म्हणून सँडपेपरची पट्टी चिकटवली आहे. दिसायला भिकार, पण कामाची.

वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर पोरंपोरी मॅच रायफली उचलतात, त्यांची कमाल मर्यादा साडेपाच किलो आणि बरेच जण त्या मर्यादेजवळच जातात. आपण मात्र ग्रॅमग्रॅम वाचवतोय. हलकी रायफल खांद्यावर वाहायला बरी. माझं वाहणं म्हणजे गाडीच्या डिकीपासून बांधापर्यंत. हे लिहितानाच वाटतंय की वजन घटवायला हलक्या सिंथेटिक दस्त्याचा जो बेत होता तो रद्द करावा. साडेतीनपर्यंत चारशे ग्रॅम शिल्लक आहेत, ते पुढच्या हाताखाली का टाकू नयेत? शिसं तर घरातच आहे: पेलेट ट्रॅपमध्ये चपटे झालेले छरे. हातमोजे घालून, पिशवीत बंद करून, आधी नुसती टेपने दस्त्याखाली बांधून बघणार. फरक पडला तर मग एपॉक्सीत कायमचं बसवू. हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात नाही, हा आमच्याकडचा नियम आहेच.

मागच्या नोंदीनंतर दोघांनी विचारलं की २५ मीटरवर ससा किंवा तितर 'पडेल' का. उत्तर एकच: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. परवाना लागत नाही म्हणून एअर रायफलला सूट नाही. अरुणाचलात २०२१ला सरकारने मोहीम काढून लोकांकडून एअरगन जमा करून घेतल्या त्या याच कारणाने. इथे कागद आणि लोखंडी पाडटार्गेटं, बाकी काही नाही.

गॅस रॅमवाल्यांनो (स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूचा रॅम असलेल्यांनो), एक मदत हवी. तुमच्या रायफलचं स्कोपशिवायचं वजन आणि २५ मीटरचा ग्रुप एवढं कळवा, होल्ड कसा होता तेही. स्प्रिंग काढून रॅम बसवला तर वजन थोडं कमी होईल, पण धक्का जास्त तीक्ष्ण होतो असं ऐकतोय. तसं असेल तर चारशे ग्रॅम शिशाआधी तो खर्च करण्यात अर्थ नाही.