पडदे घासायचे नव्हते

मेमधली दुपार, ग्वाल्हेरात पारा ४५ वर. लष्कर भागातल्या माझ्या घरी एक मुलगी आजीला घेऊन गिटार दुरुस्तीला आली. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईहून सुट्टीला आलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामेबहिणीच्या लग्नात ती इलेक्ट्रिक गिटार वाजवणार होती. डाव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी तीन-चार बारीक ओरखडे दिसले. एकातून रक्त येऊन सुकलं होतं.

"काका, दुकानात म्हणाले सगळे फ्रेट घासावे लागतील. आजच्या आज होईल ना?"

मी आधी तारा सुरात लावल्या. पहिल्या चार पडद्यांवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर (ती म्हणाली ते फ्रेट), करकर, बाराव्याच्या पुढे मात्र स्वर स्वच्छ. माझे वडील तंबोऱ्यांची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, काढायचे. १९१८ साली सुरू झालेल्या इथल्या माधव संगीत महाविद्यालयातले विद्यार्थी तंबोरे घेऊन आमच्याकडे यायचे. घोडीवर तारेखालचा दोरा, जीवा, सरकवून नेमका झंकार कसा आणायचा, हे बघत मी मोठा झालो. तिथे जो आवाज हवा असतो, तोच गिटारीत नको असतो. पण तो कुठून उठतोय ते ओळखणारा कान एकच.

पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला आणि मान धडाला मिळते तिथे जाड तार दाबून धरली. सातव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यात सुमारे पाव मिलिमीटर फट हवी. इथे साधा कागदही सरकेना. मान मागे वाकली होती.

"गिटार कुठे ठेवतेस?"

"वरच्या खोलीत. तिथे दिवसभर एसी असतो," आजी म्हणाल्या.

मुंबईच्या दमट हवेतलं लाकूड इथल्या कोरड्या उन्हाळ्यात, वर एसीत, आक्रसलं होतं. पडद्यांची धातू काही आक्रसत नाही, म्हणून टोकं बाहेर आली आणि तिचा हात कापत होती. अशा वाकलेल्या मानेवर पडद्यांचे माथे घासून सपाट केले असते, तर पावसाळ्यात मान पुढे आल्यावर तेच पडदे वेडेवाकडे ठरले असते. घासलेली धातू परत येत नाही. त्या पोरीला हा सल्ला कुणी दिला म्हणून मला खरंच राग आला.

"माथ्याला मी हात लावणार नाही, बाळ. रात्रभर ठेवून जा."

ट्रस रॉड, म्हणजे मानेचा वाक सांभाळणारी आतली सळई, डावीकडे पाव फेरा सैल केला, तारा पुन्हा सुरात आणल्या आणि थांबलो. लाकडाला बसायला वेळ द्यावा लागतो, इथेच लोक घाई करतात. दोन तासांनी मोजलं. थोडं कमी होतं. अजून अर्धा पाव फेरा दिला. रात्री दहाला फट बरोबर आली आणि करकर गेली.

मग मानेच्या फळीवर कागदी टेप चिकटवून पडद्यांची फक्त टोकं बारीक कानशीने काठाला मिळवली. प्रत्येक टोकावरून अंगठा फिरवत गेलो. सतराव्यापाशी अडकला, तिथे पुन्हा दोन हात मारले. बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची २ मिलिमीटर ठेवली. तिथला दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा, म्हणजे तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या स्वरापेक्षा, चढा लागत होता, म्हणून त्या तारेचं सॅडल, धडावर तार टेकते तो तुकडा, मागे घेतलं.

सकाळी आजींना सांगितलं, "ही आता खालच्या कूलरच्या खोलीत ठेवा. झोतासमोर नको, कोपऱ्यात, पेटीतच." कूलरची ओल लाकडाला पुरते. ट्रस रॉडची किल्ली मी मुलीच्या हातात दिली आणि पाव फेरा म्हणजे किती, हे तिच्याकडून दोनदा करून घेतलं.

जुलैत तिचा मुंबईहून फोन आला. तारा उंच वाटताहेत, सातव्यापाशी फट अर्ध्या मिलिमीटरवर गेली आहे. ती स्वतः मोजून सांगत होती.

"आता उजवीकडे. पाव फेऱ्यापेक्षा कमीच. मग सुरात लाव आणि थांब."

संध्याकाळी तिने पुन्हा फोन केला आणि जाड तार पहिल्या पडद्यावर दाबून ऐकवली. करकर नव्हती.